तीस सेकंदांचे किती

मानवतला पहिली केबल मी ओढली,
जिनिंगच्या पत्र्यावरून, दर्ग्यामागच्या चिंचेवरून,
खांब नव्हता तिथं कुणाच्याही टाकीला गाठ मारून.
साठ रुपयांत सगळं यायचं तेव्हा,
आणि वर गावातल्या कबड्डीची कॅसेट
रात्री नऊला मी फुकट फिरवायचो:
फक्कीच्या रेषा, हॅलोजनचा पिवळा उजेड,
कुणाची तरी फाटलेली बनियन,
मधूनच कॅमेऱ्यासमोरून जाणारं एक कुत्रं.
त्या कुत्र्यालासुद्धा गाव नावानं ओळखायचं.

आता पावतीपुस्तक घेऊन फिरतो
आणि दर सांगताना स्वतःच्या चपलेकडं बघतो.
हे चॅनल वेगळं, ते वेगळं.
स्पष्ट पाहिजे तर इतके.
मराठीत पाहिजे तर मोबाइलवर,
त्याचे वर्षाचे एकदम भरायचे.
"मागल्या महिन्यात तर कमी होते की."
होते.
मी काय, मी नुसती तार आहे,
दर वरून येतो.

नजमाबीनं मशीनचं चाक तळहातानं थांबवलं.
तिचा आसेफ लीगमध्ये लागला होता,
निळी जर्सी, सतरा नंबर, डाव्या घोट्याला पट्टी.
"भाई, एक रेड किती वेळाची असते?"
तीस सेकंदांची.
"मग तीस सेकंदांचे किती?"

मी हसलो नाही.
पावतीच्या मागं खरंच मांडलं:
एकशे नव्व्याण्णव, भागिले तीस दिवस,
दिवसाचे तास, तासाची मिनिटं, मिनिटाचे दोन भाग.
पाव पैसाही होईना.
"पाव पैसा आता चालत नाही," म्हटलं,
"म्हणून एकशे नव्व्याण्णव."
तिनं पिको-फॉलच्या पाच साड्यांकडं बघितलं,
चाळीस पंचे दोनशे,
आणि नोटा दिल्या.
सुटा रुपया नव्हता माझ्याकडं.
"राहू द्या, तुमच्याकडं जमा."

मॅचला गल्ली भरली होती तिच्या घरात.
आसेफ बाकावर बसला, बसूनच राहिला.
दुसऱ्या डावात टाइम-आउट झाला
तेव्हा पाण्याच्या बाटल्या घेऊन आत आला,
कॅमेरा त्याच्या खांद्यावरून घसरून
एका सिमेंटच्या जाहिरातीवर गेला.
पोरं हळहळली.
ती म्हणाली, "दिसला की.
दुसऱ्याला आधी पाजलं त्यानं, बघितलं का?"

पैसे तर महिन्याचे भरलेले.
मग महिनाभर तिच्या मशीनसमोर
गोल्फ चालू राहिला.
मी तार जोडायला गेलो तर म्हणाली,
"पांढऱ्या पँटीतला माणूस आहे, भाई,
स्वतःच चेंडू लांब मारतो
आणि स्वतःच हुडकत जातो बिचारा.
एवढं हिरवं रान,
एक शेळी नाही चरायला."
मोटारीच्या शर्यती तिला आवडल्या नाहीत.
फिरून तिथंच येतात म्हणाली,
तेवढं तर माझं चाकही करतं.

एक तारखेला गेलो.
आसेफचा फोन येऊन गेला होता,
शनिवारी उतरवतो म्हणालेत.
खुर्चीवर सहा साड्या घड्या घालून तयार,
सहा चोक चोवीस, वर शून्य,
माझ्याकडचा रुपया धरून दोनशे एक्केचाळीस.
दर झाला होता दोनशे एकोणपन्नास.
कसं सांगावं म्हणून मी चपलेकडं बघितलं.

तिला कळलेलं असावं आधीच.
सातवी साडी तिनं सुईखाली सरकवली.
"बसा भाई," म्हणाली, "एवढी होऊ द्या."

मी बसलो.
समोर घड्याळ होतं.
तीस सेकंदांत मशीन
हातभर काठ पुढं जाते.